तुझ्या पिल्लाचं वजन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. वाचत होतो तेव्हा आमची लवंगी माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती. यॉर्कशायर टेरियरचं, म्हणजे यॉर्की कुत्र्याचं, पिल्लू घरात आल्याचा तुझा आनंद ओळीओळीत दिसतो, आणि काळजीही दिसते. "दहा आठवड्यांचं झालं तरी जेमतेम 900 ग्रॅम. हे वाढणार कधी, आणि वाढून वाढून किती होणार?" असं विचारलंस. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, की ज्यांच्याकडून आणलं त्यांनी "कमी खायला घाला, म्हणजे असंच इवलंसं राहील" असं सांगितलंय. वाढीचं सावकाश सांगतो. हे खाण्याचं मात्र आधी: तो सल्ला अजिबात मानू नकोस.

मी मानला होता. लवंगीही यॉर्कीच. तिला आणताना मलाही हेच ऐकवलं गेलं. 'टीकप' आहे, दीड किलोच्या वर जाणार नाही, दोन वेळा थोडंथोडं द्या. अकराव्या आठवड्यातल्या एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. उचलली तर मान एका बाजूला कलली. हिरड्या पांढऱ्याफटक, कान गार, उभी करावी तर मागचे पाय लटपटायचे. रक्तातली साखर पार उतरली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, ठसका लागेल, आणि तसेच निघा." टॉवेलात गुंडाळून नेताना तिचं हृदय माझ्या तळहातावर धडधडत होतं. वाटेतच कधीतरी तिने डोळे किलकिले केले आणि ते मधाचं बोट चाटलं. तो स्पर्श मला आजही आठवतो.

इतक्या लहान जिवाच्या यकृतात साखरेचा साठा मावतोच किती! स्नायूही बेताचेच. रात्रभर पोट रिकामं राहिलेलं त्याला झेपत नाही. म्हणून तुझ्या पिल्लाला दिवसातून चारदा दे, पिल्लांसाठीचंच खाद्य दे, आणि शेवटचं खाणं झोपायच्या अगदी आधी. चार महिन्यांनंतर तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा पुरेल. भरपूर खाऊनही वजन चढेना, किंवा खाल्ल्यावर ते गुंगल्यासारखं दिसलं, तर डॉक्टरांना यकृताची तपासणी करायला सांग. या जातीत आतड्यांकडचं रक्त यकृताला वळसा घालून जाण्याचा जन्मजात दोष इतर जातींपेक्षा जास्त आढळतो.

आता वाढीचं. त्या सकाळनंतर मी एक वही केली. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि लवंगीला त्यात बसवायचं. वही आत्ता समोरच आहे. 11 आठवडे, 920 ग्रॅम. 16 आठवडे, 1 किलो 700. सहाव्या महिन्यात 2 किलो 600, दहाव्यात 3 किलो 300, आणि वर्षाची झाली तेव्हा 3 किलो 400. तिथेच ती थांबली. पहिले चार-पाच महिने वाढ झपाट्याने होते, मग हळू होत जाते. हाडांची टोकं साधारण आठ ते दहा महिन्यांत जुळून येतात, म्हणजे उंची तिथे संपली. पुढे वर्षापर्यंत फक्त अंग भरतं. यॉर्की पाळणारे एक ठोकताळा वापरतात: सोळाव्या आठवड्याच्या वजनाची दुप्पट. लवंगीच्या बाबतीत तो तंतोतंत जुळला, पण तुझ्याकडे शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर घाबरू नकोस. एकेका दिवसाचा आकडा धरून बसण्यापेक्षा रेघ वर जातेय ना, हे बघ. आणि जमलं तर पिल्लाच्या आईबापांची वजनं विचारून घे. दहाव्या आठवड्याला 900 ग्रॅम हे मला तरी छान वाटतं.

जातीच्या मानकात वजन 3.2 किलोपर्यंत असावं असं म्हटलंय, आणि खांद्याजवळची उंची साधारण 18 ते 20 सेंटीमीटर भरते. लवंगी त्या मापात बसत नाही, आणि तशा यॉर्की पुष्कळ आहेत. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा 'हडर्सफील्ड बेन' तर पाच किलोच्या आसपास होता! 1865 साली जन्मलेला हा कुत्रा प्रदर्शनं गाजवायचा आणि उंदीर मारण्याच्या शर्यतीही जिंकायचा. 1871 मध्ये गाडीखाली सापडून गेला. पण त्याची पिल्लं त्याच्याहून पुष्कळ लहान निपजायची, आणि त्यांच्यातूनच आजची जात घडली. त्याआधीची कुत्री स्कॉटलंडहून यॉर्कशायरच्या गिरण्यांत कामाला आलेल्या विणकरांबरोबर आली होती. म्हणजे तुझ्या मांडीवर झोपणारं ते पिल्लू उंदीर पकडणाऱ्यांच्या घराण्यातलं आहे. खेळण्याला झटके देताना त्याची मान बघ, तुझ्या लक्षात येईल.

लहानपण कुठून येतं, याचा शोधही मला फार आवडतो. कुत्र्यांच्या पंधराव्या गुणसूत्रावर आयजीएफ-1 नावाचं जनुक आहे, वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित. लहान जातींमध्ये त्याचा एक ठरावीक प्रकार सापडतो, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. पुढे 2022 मध्ये कळलं, की लहान आकाराशी जोडलेला बदल 50 हजार वर्षांहून जुन्या सैबेरियातल्या लांडग्याच्या अवशेषातही होता. माणसाने कुत्रा माणसाळवण्याच्याही कितीतरी आधीचा! तुझ्या पिल्लाचं माप असं पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलंय. उपाशी ठेवून ते बदलत नाही, पिल्लू फक्त आजारी पडतं.

आणि 'टीकप' या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या केनल क्लबच्या लेखी असा प्रकारच नाही. अगदी दीड किलोच्या आतल्या जिवांची टाळू बऱ्याचदा भरत नाही, साखर वरचेवर उतरते, भूल देणं जोखमीचं होतं. ते गोंडस दिसतात खरे, पण त्यांना मुद्दाम तसं जन्माला घालणं मला क्रूर वाटतं.

हाडांची काळजी मात्र निरोगी यॉर्कीतही घ्यायची. पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढं असतं. सोफ्यावरून मारलेली उडी ते मोडायला पुरते, आणि मनगटाजवळ रक्तपुरवठा कमी असल्याने मोडलेलं हाड लवकर जुळत नाही. सोफ्याला पायरी लाव. गळ्यात पट्टा नको, अंगाला हार्नेस घाल, यांची श्वासनलिका नाजूक असते.

चौथ्या महिन्यापासून दात पडू लागतील. दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत आणि नवे शेजारी उगवतात. लवंगीचे दोन नसबंदीच्या भुलीतच काढून घेतले. दात येताना उभे झालेले कान पुन्हा पडले तर थांब, बहुतेक परत उभे राहतात. काळा रंग पोलादी निळा व्हायला दोन-तीन वर्षंही लागतात.

वाढ थांबली की उलटी काळजी सुरू होते. तीन किलोच्या कुत्र्यावर 300 ग्रॅम चढले, तर ते 70 किलोच्या माणसावर 7 किलो चढल्यासारखं. बरगड्यांवरून हात फिरव. त्या बोटांना जाणवाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत.

लवंगी आता उठून दाराशी जाऊन बसली आहे, फिरायला नेलं पाहिजे. दर रविवारचं वजन मला कळवत जा. तिच्या वहीतल्या पुढच्या पानावर मी तुझ्या पिल्लासाठी रकाना आखलाय, पहिली नोंदही केली: 10 आठवडे, 900 ग्रॅम. वर नाव लिहायची जागा तेवढी कोरी आहे. एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, पण त्याचं नाव काय ठेवलं ते सांगितलंच नाहीस.

तुझाच मित्र