मिरजेच्या डॉक्टर मॅडमना, तासगावहून

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

पाळणा हलेना म्हणून मी किती सोनोग्राफ्या केल्या, किती गोळ्या गिळल्या, त्याचा हिशोब आता नको. तोवर यांची साधी वीर्यतपासणीही कुणी सांगितली नव्हती. तुम्ही पहिल्याच भेटीत ती लिहून दिलीत. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे आत्यांना समोर बसवून सांगितलंत. त्या दिवसापासून घरात मला बोल लावणं बंद झालं. याचे आभार कसे मानू?

मिलिलिटरला किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू हवेत, यांचे ५० लाखांच्याही खाली. गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राची तपासणी केली, दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग एका लॅबवाल्यानं डीएनए दुरुस्तीच्या जनुकांची महागडी तपासणी गळ्यात मारायला सुरुवात केली. द्राक्षाचे पैसे आले की करायची, असं यांनी ठरवलंही होतं.

तुम्ही केसपेपरच्या पाठीमागे दोन रेघा काढून मधेच तोडल्यात. शुक्राणू बनताना पेशी डीएनए मुद्दाम तोडते, आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रांची देवाणघेवाण करते आणि पुन्हा सांधते. ते सांधकाम कमी पडलं तर पेशी वाटेतच मरतात. शुक्राणू पूर्ण तयार झाला की त्याला स्वतःची दुरुस्ती जवळपास करताच येत नाही. पुढची डागडुजी स्त्रीबीज करतं. हे ऐकून आत्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

एक्सआरसीसी १ सारख्या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतले बारीक फरक चांगल्या धडधाकट, लेकरंबाळं असलेल्या माणसांतही असतात. त्यानं वंध्यत्वाचा धोका थोडा वाढत असेलही, पण वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि यांचा उपचार त्यावरून बदलणार नाही, असं स्पष्ट सांगून तुम्ही आमचे पैसे वाचवलेत. त्याऐवजी तंबाखू सोडायला लावलीत, कारण डीएनएची मोडतोड ती वाढवते. बागेत फवारताना मास्क, हातमोजे घालायचं बजावलंत. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंत.

यांची तंबाखू सुटली आहे. तारखेला आम्ही दोघंही येतो.

एक विनंती आहे. आमच्या बचत गटात माझ्यासारख्या आणखी बायका आहेत. एखाद्या रविवारी गावात येऊन हेच त्यांच्या सासवांसमोर, नवऱ्यांसमोर सांगाल का? गाडीची आणि जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आपली,
तासगावची एक पेशंट