रांगोळीचा समुद्र

डोंबिवली,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय चिमे,

रागावली असशील. गणपतीत गावाहून फोटो पाठवले आणि नंतर महिनाभर माझा पत्ता नाही. कोजागिरीला तू दोनदा फोन केलास, तोही मी घेतला नाही. घेतला असता तर रडले असते, आणि समोर आई बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मला रडायचं नव्हतं. आज सगळी निजलीत. भाजणी भाजून परातीत गार करत ठेवलीय, घरभर धण्याजिऱ्याचा वास आहे, आणि मी ओट्याशी स्टूल ओढून तुला लिहायला बसलेय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

धाकट्याला डेंग्यू झाला होता. आता बरा आहे, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

सुरुवात गावाहून परतलो तिथून करायला हवी. सात सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, कणकवलीहून दिवा स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसलो. गर्दी कशी असते तुला माहीत आहे. तांदळाची गोणी, नारळ, सोलं, कुळथाचं पीठ, आणि त्यावर आम्ही. त्या रात्री चंद्रग्रहण होतं, म्हणून आईंनी साडेबाराच्या आत भाकरी-चटणी खाऊन घेतली, पुढे घोटभर पाणीही घेतलं नाही. डब्यात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर लालबागचा राजा होता. भरतीमुळे त्याचं विसर्जन दिवसभर खोळंबलं होतं, आणि आमच्या डब्यातल्या बायका घरचाच कुणी रस्त्यात अडकल्यासारख्या हळहळत होत्या. रात्री घरी पोचलो तेव्हा कुठे विसर्जन झाल्याची बातमी आली. ग्रहण लागायच्या आत कुलूप उघडायचं, अशी आईंची घाई.

कुलूप उघडलं आणि मी आधी पळाले ती बाल्कनीत. तुला आठवतं का, निघायच्या आदल्या दिवशी मी तुला बाल्कनीचा फोटो पाठवला होता? मधोमध पाण्याची बादली, आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत सोडलेल्या सुती नाड्या. चौदा दिवस घर बंद राहणार, तुळस मरू नये म्हणून केलेली ती सोय. तू लिहिलं होतंस, ‘काय डोकं आहे तुझं!’ आणि खरोखर, चिमे, सगळी झाडं तरारली होती. तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या, मोगऱ्याला नवी पालवी. मला इतका आनंद झाला की बादलीतल्या उरलेल्या पाण्यात काहीतरी वळवळतंय याकडे मी लक्षच दिलं नाही. पाणी मोरीत ओतलं, बादली तशीच पुन्हा भरली आणि जागेवर ठेवली. रोज झाडांना घालायला बरी म्हणून.

मग शहर सुरू झालं. गावच्या चौदा दिवसांत कान किती निवले होते ते मंगळवारी पहाटे कुकरच्या शिट्टीने कळलं. आठच्या आधीची लोकल, बायकांच्या डब्यात तीच ढकलाढकल. जूनमध्ये मुंब्र्याला लोकलच्या दारातली माणसं पडून तो अपघात झाला तेव्हापासून मी दाराशी उभी राहत नाही. गाडी सोडते, ऑफिसात उशिराची सही करते, पण दारात नाही. पंधरवडा असा गेला की आंघोळ कधी केली हेही आठवू नये. मधे पितृपक्षात मामंजींची तिथी झाली. त्याच सुमाराला खाली वॉचमनच्या मुलाला ताप आला. सहा-सात वर्षांचा आहे, आमच्याशी बोलताना सारखा पँट वर ओढतो. त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. मी हजार रुपये दिले, ‘काळजी घ्या’ म्हटलं आणि लोकल पकडायला पळाले.

२२ तारखेला घट बसले. यंदा नवरात्र दहा दिवसांचं होतं, आईंना त्याचं फार अप्रूप. पत्रावळीत माती पसरून, सात धान्यं पेरून त्या रोज पहाटे ओंजळभर पाणी घालत. शनिवारी, २७ तारखेला, आरतीच्या वेळी धाकटा उभा राहिना. अंगाला हात लावला तर चटका. थर्मामीटर १०३ वर. ‘आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय,’ म्हणाला. डोळे दुखतायत नाही, डोळ्यांच्या मागे. असं तो कधी बोलला नव्हता. बाहेर दोन दिवस पाऊस कोसळत होता, आणि त्या पावसात ह्यांनी त्याला छत्रीखाली उचलून डॉक्टरांकडे नेलं. बारा वर्षांचा मुलगा, पाय ह्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला. डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह. प्लेटलेट १,३८,०००. दीड लाखाच्या वर हव्यात. मंगळवारी ९१ हजार. बुधवारी ५४ हजार, आणि पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, तेव्हा दाखलच केलं.

चिमे, त्या दिवसांत मला जे जे सुचवलं गेलं ते ऐकशील तर थक्क होशील. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचं दूध. जाऊबाईंनी बदलापूरहून पपईची पानं पाठवली, लोकलच्या गर्दीतून माणूस घेऊन आला. सगळ्यांची माया होती त्यात, मी कुणाला नाही म्हटलं नाही. पण द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच दिलं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: तापाला फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनच्या वाटेला जायचं नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘ताप उतरत नाही ना, ही द्या’ म्हणून त्यातलीच गोळी माझ्यापुढे सरकवली गेली. मी वाचून परत केली. तू पण घरात हे सांगून ठेव.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो गुरुवारी. दसरा होता. पहाटे त्याच्या कपाळाला हात लावला तर गार. ताप उतरला! मी देवाला हात जोडले, नर्सला सांगायला धावले. डॉक्टर आले आणि म्हणाले, ‘खरं जपायचं ते आता. ताप उतरल्यावरचे दोन दिवस.’ त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं की आपण सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो आणि डॉक्टर बघत असतात भलतंच. या आजारात रक्तातलं पाणी बारीक नसांमधून बाहेर झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, आणि ते नेमकं ताप उतरताना होतं. म्हणून ते दर काही तासांनी रक्त किती घट्ट झालंय ते तपासत होते आणि लघवी किती झाली ते विचारत होते. प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या तेव्हा मी म्हटलं, बाटली चढवा ना, रक्तदाते तयार आहेत. ते म्हणाले, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा चढवत नाहीत. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, आणि त्या आवाजावर मी दोन रात्री काढल्या.

त्या दुपारी हे घरून आले. आईंनी घट उठवले होते, आणि घटातलं धान, ते पिवळट हिरवे कोंब, कागदात गुंडाळून पाठवले होते. ह्यांनी ते त्याच्या कानावर खोचले, आपण लहानपणी खोचायचो तसे. वॉर्डातल्या मावशी आपट्याची पानं घेऊन खाटेखाटेशी फिरत होत्या. सलाइनच्या हातात पान देऊन म्हणाल्या, ‘सोनं घे रे बाळा, सोन्यासारखा रहा.’ मी जिन्यात जाऊन रडले. कुणी बघितलं नाही, तुलाच सांगतेय.

शुक्रवारी ३६ हजार. शनिवारी ५८. रविवारी ९६ हजार झाल्या आणि आम्ही घरी आलो.

आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

मंगळवारी महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या एक ताई आल्या. डेंग्यूचा रुग्ण सापडला की घर आणि इमारत तपासतात. ड्रम बघितले, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघितला, मग बाल्कनीत गेल्या आणि बादलीत टॉर्च मारला. मला जवळ बोलावलं. पाण्यात अळ्या होत्या. मी म्हटलं, ‘अहो, ही तर मी दर दोन-चार दिवसांनी रिकामी करते.’ त्या म्हणाल्या, ‘घासता का?’ हा डास स्वच्छ पाण्यात होतो, गटारात नाही. अंडी घालतो ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवून. पाणी ओतलं तरी अंडी तिथेच. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी घासून कोरडी ठेवायची.

चौदा दिवस, चिमे. चौदा दिवस मी भरलेली बादली बंद घराच्या बाल्कनीत ठेवून गेले होते.

मी त्यांना विचारलं, ‘म्हणजे माझ्यामुळे?’ त्या भल्या बाईनं ‘हो’ म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘तसं कुणालाच सांगता येत नाही. इमारतीत आणखी सात ठिकाणी मिळाल्या मला.’ गच्चीवर ताडपत्रीच्या घडीत, कुणाच्या मनीप्लांटच्या बाटलीत, लिफ्टच्या खड्ड्यात. पण माझं मन मानत नाही. आणि मला रात्री जाग येते ती धाकट्याच्या आठवणीने नाही, वॉचमनच्या मुलाच्या. तो खाली, आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली खेळतो. त्याला आधी ताप आला. मी हजार रुपये देऊन लोकल पकडली होती.

काल त्यांच्या खोलीवर गेले. त्याच्या आईला सगळं सांगितलं, बादलीचंसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, आमचा ड्रमपण उघडाच असतो.’ त्यांना पाणी दिवसातून एकदाच सोडतात, साठवल्याशिवाय कसं भागणार? आज सकाळी ह्यांनी ड्रमला मापाचं झाकण आणि वर बांधायला जाळीचं कापड आणून दिलं. पोरगं मला बघून लाजत होतं. बारीक झालंय गं.

दिवाळीची साफसफाई यंदा आम्ही माळ्यावरून नाही, बाल्कनीतून सुरू केली. बादली काथ्यानं घासून उन्हात पालथी घातली. कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाकल्या, पाणी फरशीवर आलं तर पुसेन. सोसायटीत दर रविवारी कोरडा दिवस ठरलाय. आज पहिला झाला, गच्चीवर चौदा घरांतली माणसं होती. भिंतीचे रंग, पडदे, ते राहू दे.

फराळ करणारच आहे. वसुबारस शुक्रवारी, सोमवारी अभ्यंगस्नान, मंगळवारी लक्ष्मीपूजन. मोती साबण आणि उटणं आणून ठेवलंय. तू भाजणीचं प्रमाण विचारलं होतंस, ते आईंचं देते: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूगडाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, मंद आचेवर. गिरणीत गव्हावर दळू देऊ नकोस. तुझ्या चकल्या मागच्या वर्षी तेलात विरघळल्या ते मोहन जास्त झाल्यामुळे. दोन वाट्या पिठाला दोन चमचे कडकडीत तेल पुष्कळ झालं. तुझा डबा बुधवारी कुरियरने निघेल, चिवडा वेगळ्या पिशवीत आहे.

फडके रोडला यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही जाणार नाही, धाकट्याला इतका वेळ उभं राहवत नाही अजून. थोरली जाईल मैत्रिणींबरोबर, नवा कुडता शिवलाय तिनं. तुझ्यामाझ्या वेळचं आठवतं ना, गणेश मंदिरात दर्शन आणि मग तो रस्ताभर भेटणाऱ्यांचा पूर?

धाकट्याचा जीव दिवाळीच्या किल्ल्यात अडकलाय. गणपतीत आम्ही एसटीने विजयदुर्गला गेलो होतो. आपले बारा किल्ले जुलैत युनेस्कोच्या यादीत आले, त्यात विजयदुर्गही आहे, हे त्याला शाळेत सांगितलेलं. तिहेरी तटबंदी हातानं मोजत आला होता. दवाखान्यातसुद्धा रिपोर्टच्या मागे त्यानं बुरुज काढून ठेवलेत. माती ह्यांनी आणून दिली, पण ती कालवायला खाली बसला की त्याला धाप लागते. मग वॉचमनचा मुलगा माती कालवून देतो आणि हा खुर्चीत बसून कुठे थापायची ते सांगतो.

आज दुपारी ह्यांनी मोठी परात काढली. किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना खरं पाणी भरू, म्हणाले, समुद्र होईल. मी काही बोलायच्या आधी धाकटा म्हणाला, ‘नको बाबा. समुद्र रांगोळीचा.’ आणि मला निळी रांगोळी आणायची यादी दिली: दोन किलो गडद, एक किलो फिकी, लाटांना पांढरी वेगळी. उद्या ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरून घेईन.

भाजणी गार झाली असेल. डब्यात भरते आणि झोपते. तू मात्र उद्या फोन कर, मी उचलेन.

तुझीच,
मनी