प्लग अजून लावू नकोस

पुणे,
१२ मे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

मामांचा मॅरँट्झ २२३० रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला सेट), पायोनियरचा पीएल-१२डी टर्नटेबल, स्पीकरची जोडी आणि रेकॉर्डींची दोन खोकी न्यू जर्सीहून रत्नागिरीला धडधाकट पोचली, हे वाचून फार आनंद झाला. चॅनेलमागे ३० वॅटचा हा रिसीव्हर म्हणजे १९७० च्या दशकातलं उत्तम जपानी काम आहे. आकडा लहान दिसला तरी खरा आहे. आपल्याकडे पुढे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचे फुगवलेले, हजारहजार वॅट छापलेले डबे विकले गेले, तसला हा आकडा नाही. दिवाणखान्याला ३० वॅट पुरून उरतात.

पण प्लग अजून लावू नकोस. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० सायकल (सेकंदाला ६० आवर्तनं) छापलंय असं तू लिहिलंस. म्हणजे हा फक्त अमेरिकेसाठीचा सेट. सरळ २३० व्होल्टवर लावलास तर पहिल्या सेकंदालाच ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टर कॅपॅसिटर जाईल.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो लोखंडी गाभ्याचा, वजनदार, ५०० व्हीएचा. प्रवासात इस्त्रीसाठी नेतात तो हलका कन्व्हर्टर अजिबात नको, कारण तो व्होल्टेज उतरवत नाही, लहरीचे तुकडे करतो आणि सेट गुरगुरतो. बाजारात ११० आणि १२० अशी दोन्ही आउटपुटं मिळतात. तू ११० चंच घे. तुमच्याकडे रात्री लाइन २५० पर्यंत चढते. २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा ११९.६ देईल आणि १२० वाला १३० च्या वर जाईल.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. ६० सायकलसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या ५० सायकलवर चालवला की त्याच्या गाभ्यावर जास्त ताण येतो, कारण चुंबकीय भार व्होल्टेज भागिले सायकल या प्रमाणात असतो. १२० भागिले ६० म्हणजे २. ११० भागिले ५० म्हणजे २.२. बरोबर २ हवे असतील तर १०० व्होल्ट द्यायला हवेत. म्हणून वाइंडिंगवाल्याकडून १०० आणि ११० असे दोन टॅप, म्हणजे दोन वेगळ्या व्होल्टेजची टोकं, काढून घे. १०० वर कमाल पॉवर साधारण ३० टक्क्यांनी घटते, म्हणजे दीड डेसिबल, आणि ते कानाला जेमतेम कळतं. बदल्यात सेट थंड राहतो आणि घूं असा आवाज कमी होतो. मी असतो तर कायम १०० वरच ठेवला असता. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो. तू सांग, मी इथून पाठवतो.

ट्रान्सफॉर्मर आला की पहिली वीज सिरीज बोर्डमधून द्यायची. तुमच्या इलेक्ट्रिशियनकडे असेलच: फेजच्या वाटेत एक होल्डर, त्यात १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही. स्पीकर काढून ठेव, व्हॉल्यूम शून्यावर. बटण दाबलं की बल्ब क्षणभर उजळेल आणि मंद होईल. तो मंदच राहिला तर चांगलं लक्षण. तेजस्वी पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद कर. बल्बमुळे करंट मर्यादित राहतो, त्यामुळे नुकसान होत नाही. अर्धा तास तसाच ठेव. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो, कमी व्होल्टेजवर तो पुन्हा जमतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर आणखी उत्तम.

झाकण उघडशील तेव्हा प्लग काढलेला हवा आणि मोठे दोन कॅपॅसिटर रिकामे केलेले हवेत. ४७० ओम, ५ वॅटचा रेझिस्टर त्यांच्या दोन टोकांना २० सेकंद धर आणि मीटरने तपास. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची रीत वाईट, त्यात कॅपॅसिटरही दुखावतो.

स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोज. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर आधी कारण शोधायचं. मोठं डीसी सतत आलं तर वूफरची कॉइल तापून जळते. मात्र या काळातल्या बऱ्याच सेटांमध्ये आउटपुटच्या वाटेवर मोठा कॅपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. तसा दिसला तर त्याच्या आतल्या बाजूला मुख्य सप्लायच्या निम्मं व्होल्टेज आहे का ते बघ. ते बरंच सरकलेलं असेल तर मोठ्या आवाजाला एका बाजूची लहर आधी कापली जाते आणि गाणं फाटतं.

आता सगळे कॅपॅसिटर बदलून टाक असं तुला दहा जण सांगतील. मला ते पटत नाही. एका वेळी साठ भाग बदलले आणि त्यातला एक उलटा बसला, तर दोष जुना की नवा हेच कळत नाही. जो फुगलाय, गळलाय किंवा मीटरवर फार उतरलाय तो बदल. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ अंश तापमान सोसणारा, आणि धन-ऋण टोकं पाहून. एक बदल, चालव, ऐक, मग दुसरा. मोठ्या भागांच्या बुडाशी तपकिरी झालेला गोंद दिसला तर मात्र तो खरवडून काढच. नवा असताना हा पिवळसर आणि निरुपद्रवी असतो, पण जुना झाला की वीज वाहू देतो आणि शेजारच्या तारा खातो. ट्रान्झिस्टर लागलेच तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नकोस. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांत नकली माल फार असतो, छाप हुबेहूब आणि आतली चकती एवढीशी.

तुला पहिल्याच दिवशी ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बहुतेकांचं मूळ मळकट संपर्कांत असेल. एक चॅनेल गप्प, नॉब फिरवताना खरखर, बटणाला टिचकी मारली की आवाज परत. याला पार्ट नको, कॉन्टॅक्ट क्लीनर हवा. साधा डब्ल्यूडी-४० नको, त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीमागे टर्मिनलांजवळ जी फट असते तिथे नळीने एक छोटा फवारा, मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २५-३० वेळा. प्रत्येक बटण आणि सिलेक्टरही तसाच. १५ मिनिटं वाळू दे. सगळ्यात जास्त दगा देतो टेप मॉनिटर, म्हणजे बाहेरचा टेपरेकॉर्डर ऐकायचं बटण. ते बटण दाबलेलं राहिलं तर सेटमधून आवाजच येत नाही आणि माणूस अॅम्प्लिफायर गेला म्हणून हळहळतो. मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन (अॅम्प्लिफायरचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग) जोडणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या असतील तर त्याही काढून पुसून घाल. काळ्या पडल्या की चॅनेल येतं-जातं.

टर्नटेबलची अडचण वेगळी आहे. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने सुटेल, वेग सुटणार नाही. पीएल-१२डीची मोटर सिंक्रोनस आहे, ती लाइनच्या सायकलवर फिरते. ६० च्या पुलीवर ५० सायकल दिले की ३३⅓ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे पडतात. काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये, तेही किंचित उतरलेलं, आणि लयही ओढल्यासारखी. याला ५० सायकलची पुली हाच उपाय. मूळ मिळाली नाही तर लेथवर पितळेची करून घ्यायची. इथे बहुतेक कारागीर सरळ १.२ ने गुणतात आणि चुकतात, कारण पट्ट्याची जाडी धरत नाहीत. समजा जुना व्यास ५ मिमी आणि पट्टा ०.६ मिमी. तर ५.६ गुणिले १.२, वजा ०.६, म्हणजे ६.१२ मिमी. नुसते ६ केले तर वेग जवळपास पावणेदोन टक्के कमी पडतो आणि पेटीशी जुळवून ऐकणाऱ्याला लगेच खटकतो. पुलीचा मधला किंचित फुगवटा ठेवायला सांग, नाहीतर पट्टा घसरतो.

वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती घे, वेग बरोबर असला की दिव्याच्या लुकलुकीत तिच्या रेघा स्थिर दिसतात. ५० सायकलला ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथे खोटं सांगेल. उजेड तारेच्या बल्बचा किंवा चोकवाल्या ट्यूबलाइटचा, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांत तशी लुकलुक नसते.

मधल्या दांड्याच्या बेअरिंगमधलं जुनं घट्ट तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाक. टर्नटेबल लेव्हलवर बसव.

काट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मामांचंच असेल तर सुईवर विश्वास ठेवू नकोस. सुईची दांडी ज्या रबरात बसते ते इतक्या वर्षांत कडक होतं आणि तसली सुई रेकॉर्ड खरवडते. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई घाल: वजन २ ग्रॅम, ४७ किलोओमच्या फोनो इनपुटला योग्य, आणि पुढे तीच बॉडी ठेवून चांगली सुई बसवता येते. वजन लावताना अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेव, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरव, मग फक्त आकड्यांची कडी शून्यावर आण आणि सगळं मिळून २ वर ने. अँटिस्केटिंगही २. ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घेतलास तर उत्तम. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा. हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि जास्त झीज करते. अर्थिंगची पातळ तार रिसीव्हरच्या जीएनडी स्क्रूला जोडायला विसरू नकोस, नाहीतर सतत घूं ऐकू येईल.

आजोबांच्या कपाटातल्या ७८ च्या तबकड्या मात्र यावर लावू नकोस. या टर्नटेबलला ७८ चा वेग नाही. शिवाय त्या खाचेला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलची सुई तळाशी भरकटते आणि नुसती सूं सूं ऐकवते. त्यांच्यासाठी ७८ चा वेग असलेलं वेगळं टर्नटेबल बघू. आणि हे नीट लक्षात ठेव: त्या तबकड्या लाखेच्या आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलंस तर पृष्ठभाग विरघळेल. त्यांना डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, लगेच पुसून. व्हायनिलला मात्र पाण्यात १५ टक्के आयसोप्रोपिल चालतं आणि बुरशीवर ते गुणकारी आहे.

स्पीकरच्या जाळ्या काढून कोनाच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाब. भुगा झाला तर आश्चर्य नको, फोम १५-२० वर्षांतच जातो. नवी कडी मागवताना "१० इंची" एवढंच सांगू नकोस, कोनाचा आणि चौकटीचा व्यास मोजून दे. आधी कोनाला चिकटव, रात्रभर वाळू दे, मग चौकटीला. चिकटवताना दोन्ही बाजूंनी सारखं दाबून कोन आत-बाहेर हलव. घासल्याचा आवाज आला तर कॉइल मध्यावर नाही. मीटरवर ८ ओमचा स्पीकर ६ ते ७ ओम दाखवतो, ते बरोबरच आहे. दोन्हींची दिशा जुळवायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. लाल टोकाला धन लावल्यावर दोन्ही कोन पुढे यायला हवेत. एक उलटा राहिला तर तबल्याच्या डग्ग्याचा भरणा गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही.

एफएम ऐकताना आवाज थोडा मंद वाटेल. अमेरिकेत डी-एम्फसिस, म्हणजे प्रक्षेपणात चढवलेले बारीक स्वर रेडिओत पुन्हा उतरवायचं प्रमाण, ७५ मायक्रोसेकंद आहे आणि आपल्याकडे ५०, त्यामुळे १० किलोहर्ट्झला साधारण ३ डेसिबल कमी पडतात. ट्रेबल थोडा वर केलास तरी भागतं. पुढे कधी सेट उघडलाच तर प्रत्येक चॅनेलमधला तो एक कॅपॅसिटर दोन तृतीयांश किमतीचा घालू.

पाऊस महिन्यावर आलाय. रेकॉर्डी उभ्या ठेव, भिंतीपासून चार बोटं लांब, कागदी आतली पाकिटं काढून पॉलिथिनची घाल. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा सेट तासभर चालूच ठेव, त्याच्या उबेने आतलं दमट वाळतं. वर कापड घालू नकोस, झाकणाच्या जाळीतून उष्णता जायला हवी.

उलटटपाली मला मागच्या पाटीचा आणि फ्यूजचा फोटो, तुमच्या घरचं सकाळचं आणि रात्री दहाचं लाइन व्होल्टेज, आणि टर्नटेबलच्या पुलीचा व्यास व्हर्निअरने मोजून पाठव. ते आले की ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत