'जिंक्स' आणि 'बॅड लक' एक नव्हे

महोदय,
सामन्याच्या बातम्यांत हल्ली 'जिंक्स' हा शब्द सर्रास दिसतो. पाऊस आला, जिंक्स. झेल सुटला, जिंक्स. पण नुसत्या दुर्दैवाला जिंक्स म्हणत नाहीत. कुणाच्या तरी पायगुणाने, किंवा तोंडातून निघालेल्या शब्दाने काम बिघडले, असा समज त्यात हवा. समालोचक म्हणतो, 'हा गोलंदाज नो बॉल टाकतच नाही,' आणि पुढचाच चेंडू नो बॉल! हा जिंक्स. क्रियापद म्हणूनही तो चालतो. आपल्याकडे 'नाट लावणे' म्हणतात तसा.

शब्द रूढ झाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकी बेसबॉलमध्ये. त्याचा संबंध बहुधा 'जिंक्स' नावाच्याच पक्ष्याशी असावा. सुतारपक्ष्याच्या कुळातला हा पक्षी धोका दिसताच सापासारखी मान पिळवटतो. प्राचीन ग्रीक लोक वशीकरणात त्याला चाकाला बांधत (बिचारा पक्षी!).

अमेरिकेतल्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चे मुखपृष्ठ तर या बाबतीत बदनामच आहे. 1954 च्या पहिल्याच अंकावर झळकलेल्या बेसबॉलपटू एडी मॅथ्यूजचा हात लवकरच दुखावला, तेव्हापासून मुखपृष्ठावर आलेल्या खेळाडूला नाट लागते, ही समजूत सुरू झाली. खरे कारण साधे आहे. खेळाडू मुखपृष्ठावर येतो तो फॉर्म ऐन भरात असताना. त्यानंतरची कामगिरी बहुतेकदा थोडी खालीच येणार. तेव्हा क्रीडा पानावर पावसाला पाऊसच म्हणावे.

– एक वाचक