भक्कम बँका आणि वडिलांच्या पावत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पडझडीतही आपल्या बँका भक्कम राहिल्या, हा कालचा अग्रलेख वाचला. मोठ्या बँकांपुरते ते मलाही मान्य आहे. २००८ साली अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली तेव्हा इथे तशी वेळ आली नाही. पण सहकारी बँकांचे ठेवीदार तुम्ही हिशेबात धरलेच नाहीत, म्हणून लिहीत आहे.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. फंडाचे अकरा लाख त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले. व्याज थोडे जास्त होते, मॅनेजर ओळखीचे. सगळे एका ठिकाणी नको म्हणून निम्म्या पावत्या सिडको शाखेत, निम्म्या पंचवटीत. तीन वर्षांपूर्वी त्या बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा कळले, की शाखा कितीही असोत, एका बँकेत माणशी ठेवींचा विमा पाच लाखांचाच, तोही मुद्दल-व्याज धरून. ते पाच लाख मिळाले, हे नाकारत नाही. उरलेल्या पावत्या रबर लावून आईच्या कपाटात आहेत. वडील दर महिन्याला शाखेत जातात. खिडकीतला मुलगा उठून उभा राहतो, "काका, वरून अजून काही आलं नाही," म्हणतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

सरकारने मनात आणले तर घाई करता येते. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ला, शुक्रवारी बंद पडली. विमा अडीच लाख डॉलरचा असूनही सगळ्या ठेवी सोमवारी मिळतील, असे रविवारीच जाहीर झाले. परदेश कशाला, मार्च २०२० मध्ये येस बँकेवरचे निर्बंध स्टेट बँकेला पुढे करून दोन आठवड्यांच्या आत उठले. पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये आधी हजार रुपयेच काढू दिले, आणि मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या पैशांसाठी विलीनीकरणात दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दहा वर्षे कुठून आणायची?

विम्याची मर्यादा वाढवायला हवीच. ती १९९३ पासून २०२० पर्यंत एक लाखावर अडकली होती. आणि प्रत्येक पावतीवर ही मर्यादा ठळक मराठीत छापायला लावा. ती ओळ वडिलांनी वाचली असती तर पंचवटीच्या पावत्या दुसऱ्या बँकेत केल्या असत्या.

जाता जाता, निर्बंधांची बातमी तुम्ही आतल्या पानावर सहा ओळींत दिली होती. वडिलांना ती शेजाऱ्यांकडून कळली.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड