सूचना : जुनं कुंपण आणि गच्चीवरचा मांडव काढण्याबाबत

सभासदहो, इंदूरमध्ये पावसाळा लागण्याआधी हे काम उरकून घ्या. ठेकेदाराकडून मजुरी, मलबा उचलणं आणि भंगाराची किंमत वेगवेगळी लिहून घ्या, नाहीतर मलबा दारातच पडून राहतो. मांडवावर दिवा असेल तर मेन स्विच आधी बंद.

कुंपणाची ताणलेली तार थेट कापू नका, उसळून डोळ्याला लागते. आधी ताणाचे स्क्रू सैल करा. खांब हलवून उपटू नका. बुडाशी बहुधा काँक्रीट असतं, भोवती खणा. मांडवाच्या फळ्या आधी, मग तुळया, खांब शेवटी. जुने सिमेंटचे पत्रे ओले करून अखंडच उतरवा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज असू शकतं.

मलबा नाल्यात टाकू नका, महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर नोंद करा.