दादाचा हिशेब आणि बाबांचं भूतान

बेळगाव,
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडं सगळं ठीक आहे. हे फोनवर बोलून झालं नसतं. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई, तू मध्येच तोडतेस. म्हणून वस्तीच्या बसच्या कंडक्टरकडं गोळ्यांच्या पिशवीतच हे घालून देते. गोळ्या आधी काढून घे.

विषय पाडव्याच्या सकाळचा. दादानं फराळ करता करता मोबाइलवर वाचून दाखवलं, "यंदाच्या बजेटात भूतानला २,१५० कोटी. आणि आपल्या जांबोटीच्या रस्त्याला डांबर नाही." बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला त्यातलं काय कळतंय?" आणि अर्धी चकली ताटात टाकून गोठ्याकडं गेलात. दादापण गप्प बसला. मला दोघांचंही पटलं नव्हतं, पण मी भांडी घासायला उठले. बायकांना ही एक सोय असते.

तेव्हापासून डोक्यात तेच. पतसंस्थेत वीस वर्षं खतावण्या बघणाऱ्या माणसाला कुणी आकडा तोंडावर फेकला, की झोप लागत नाही. म्हणून आधी दादाचा आकडा बघितला. खरा आहे. पण केंद्राचं यंदाचं बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं. म्हणजे सरकारच्या दहा हजार रुपयांतले सव्वाचार रुपये भूतानला जातात, आणि त्यातलेही काही कर्जाऊ. ते वाचवून जांबोटीला डांबर आलं नसतं. दादालाही हे माहीत आहे. त्याला खरं म्हणजे असं विचारायचं होतं, की बाबांच्या आयुष्यातली फौजेतली दोन वर्षं जिथं गेली, त्यातून देशाला काय मिळालं? हे त्याला तोंडावर विचारता येत नाही, म्हणून तो रस्त्यावर घसरतो.

तुमचं भूतानला पोस्टिंग झालं तेव्हा मी सहावीत होते. आईनं विचारलं, "कुठं?" तुम्ही म्हणालात, "हा." "अहो, हा म्हणजे कोण?" "हा!" आज्जी आतून ओरडली, "हा हा काय करतोयस, गावाचं नाव सांग की." पत्रावर मात्र फक्त ९९ एपीओ असं फौजी टपालाचं ठिकाण असायचं, त्यामुळं मला कितीतरी दिवस वाटायचं की हा नावाचं गाव तुम्ही आमची चेष्टा करायला काढलंय. पुढं तुम्ही सुट्टीवर येऊन संकेश्वरी मिरच्या नि चीज घालून एमा दात्शी केलीत. आई म्हणाली, मिरचीचीच भाजी करायची तर दूध कशाला नासवायचं.

आता मुद्द्याचं. २०११ च्या जनगणनेत आपला बेळगाव जिल्हाच जवळजवळ ४८ लाखांचा होता. अख्खं भूतान आठ लाखांच्या आत. एवढ्याशा देशाची मर्जी राखायला आपण का धावायचं? याचं उत्तर नकाशात आहे, आणि ते मला वरच्या मळ्यामुळं कळतं.

वरच्या मळ्यातल्या काकांची जमीन वीस गुंठे. आपल्या तुलनेत काहीच नाही. पण आपली गाडीवाट त्यांच्या बांधावरून जाते. आज्जानं जन्मभर मळणीला आपले बैल आधी त्यांच्या खळ्यावर पाठवले. गाव हसायचं, थोरल्या शेतकऱ्यानं धाकट्याची का आर्जवं करायची म्हणून. आज्जा म्हणायचा, वहिवाट कागदावर असते आणि गाडी बांधावरून जाते.

सिलिगुडीजवळ आपल्या देशाची गाडीवाट तशीच आहे. अरुंद जागी ती जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. बेळगावहून खानापूर त्याहून लांब. एवढ्या चिंचोळ्या पट्टीतून रेल्वे, रस्ते, तेलाच्या नळ्या, सैन्याची रसद, सगळं ईशान्येकडच्या राज्यांना जातं. आणि तिच्या डोक्यावर भूतान, त्याच्या पलीकडं चीन. २०१७ च्या जूनमध्ये तिन्ही देशांच्या सीमेजवळच्या डोकलामला चिनी सैनिक रस्ता करायला आले. जमीन आपली नव्हती, भूतानचा दावा असलेली होती. पण तो रस्ता जाम्फेरीच्या डोंगरधारेवर पोचला असता तर वरून खालची पट्टी दिसली असती. आपले जवान सिक्कीममधून पुढं सरकले आणि ७३ दिवस समोरासमोर उभे राहिले. त्या वेळी भूताननं "हे आमचं तुम्ही दोघं बघून घ्या" म्हटलं नाही. चीनकडं स्वतःचा निषेध नोंदवला. त्यांनी नुसतं तोंड मिटून घेतलं असतं, तरी आपल्या पायाखालची जागा गेली असती. कुणाच्या जमिनीवर कुणाच्या हक्कानं उभे होतो आपण?

दादाच्या हिशेबात ही ओळ नाही. २००३ च्या डिसेंबरमधलीही नाही. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या बंडखोर संघटनांचे तळ भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात होते. भूतानच्या राजानं आपल्या लहानशा फौजेनिशी ते उठवले. भूतानची माणसं मेली त्यात. त्याच बंडखोरांच्या रस्त्यावरून भूतानच्या व्यापाऱ्यांना रोज आसामात ये-जा करायची होती, म्हणजे सूड कुणावर निघणार ते त्यांना ठाऊक होतं. हे रुपयांत मांडायचं झालं तर कुठल्या खात्यावर टाकू?

इथवर वाचून बाबा, तुम्ही मिशीला हात लावला असणार. थांबा.

वीजप्रकल्पांची कर्जं मी कर्जखात्यासारखी वाचली. पहिला मोठा चुखा, ३३६ मेगावॉट, ऐंशीच्या दशकातला. पैसा सगळा आपला, पण त्यात ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, व्याज पाच टक्के. त्यांची गरज भागून उरलेली वीज आपण विकत घ्यायची. दोघांचंही भलं झालं. ताला, १,०२० मेगावॉट, तसाच ६०-४०. मग पुनात्सांगछू-१ आला, १,२०० मेगावॉट. अनुदान ४० वर उतरलं, कर्ज ६० वर गेलं, व्याज दहा टक्के. मांगदेछूला तर अनुदान ३० टक्केच. पुनात्सांगछू-१ चं काम २००८ ला सुरू झालं, २०१३ ला धरणाच्या जागी डोंगर खचला आणि ते अजून पुरं झालेलं नाही. व्याज मात्र डोंगर खचला म्हणून थांबत नाही. हिवाळ्यात त्यांच्या नद्या आटतात, तेव्हा वीज विकणारा हा देश आपल्याकडूनच वीज विकत घेतो. आमच्या संस्थेत ज्याचं अनुदान घटत जातं आणि व्याज वाढत जातं त्याला आम्ही मित्र म्हणत नाही, खातेदार म्हणतो. दादा ज्याला उधळपट्टी म्हणतो, तिथं उलट आपला हात आखडत गेला आहे.

आणि आई, हे तुझ्यासाठी. २०१३ च्या जुलैत भूतानमध्ये निवडणूक होती. मतदानाला दोन आठवडे उरले असताना आपण त्यांच्या गॅस सिलिंडरवरची आणि रॉकेलवरची सवलत थांबवली. कारण सांगितलं तांत्रिक, आधीच्या योजनेची मुदत संपली म्हणून. पण आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान रिओला चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते आणि दिल्लीत ते आवडलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येक चुलीपाशी बसलेल्या बाईला कळलं. सत्ताधारी पक्ष पडला. नवं सरकार आलं, सवलत परत सुरू झाली. आपल्या मनासारखं झालं म्हणायचं. पण थंडीच्या मुलखात ज्या बाईनं ते चार आठवडे काढले, ती ते विसरली असेल?

बाबा, २०१६ चा उन्हाळा आठवतो? वरच्या मळ्यातल्या काकांनी रिसॉर्टवाल्याबरोबर चहा घेतला अशी बातमी आली आणि तुम्ही आपल्या बोअरचं त्यांना जाणारं पाणी चार दिवस बंद ठेवलंत. मोटर जळाली म्हणून सांगितलंत. मोटर चालू होती, मी आले होते तेव्हा. काका काही बोलले नाहीत. जमीनही विकली नाही. वाटही अडवली नाही. पण त्यानंतर ते आपल्याकडं म्हाळाच्या जेवणाला आले नाहीत, नऊ वर्षं झाली. तुम्ही त्यांना घाबरवलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही वाट सांभाळत होता. तरी आज्जानं तसं केलं नसतं.

नेपाळशीही २०१५ ला तेच झालं, फार मोठ्या प्रमाणात. भूकंपातून उठायच्या आत चार-पाच महिने सीमेवर पेट्रोल-गॅसचे टँकर अडले. आपण म्हणत राहिलो की हे त्यांच्याच तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळं. नेपाळी माणसानं ते मानलं नाही, आणि पुढच्याच वर्षी नेपाळनं चीनबरोबर मालवाहतुकीचा करार केला. श्रीलंकेबद्दल तुमच्यासमोर मी लिहीत नाही. शांतिसेनेतून तिथं गेलेल्या आणि न परतलेल्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत.

एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती तुम्हीच सांगितलेली आहे. सुट्टीवर येताना हासीमारा स्टेशनवर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबं तुम्ही बघितली होती. म्हातारी माणसं, कडेवर पोरं. तुम्ही म्हणाला होता, "भूतानमधून निघालेले नेपाळी होते, कुठं चाललेत त्यांनाच ठाऊक नव्हतं." पुढं कळलं. दक्षिण भूतानमधले नेपाळी बोलणारे लोक, नव्वदच्या आसपास लाखभर बाहेर पडले. त्याआधी पेहराव एकच हवा असा नियम झाला होता आणि शाळांतून नेपाळी काढून टाकली होती. ते आपल्या रस्त्यांवरून नेपाळच्या छावण्यांत गेले आणि आपण म्हटलं, हा भूतान आणि नेपाळ यांच्यातला प्रश्न. राजाला दुखवायचं नव्हतं. छोट्या मित्राला जपायची ही किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. शाळेतून भाषा काढणं म्हणजे काय, हे बेळगावात बसून मला कुणी समजावून सांगायला नको. परवा १ तारखेला दिवसभर दार लावून बसले होते. एकीकडं राज्योत्सवाचे डॉल्बी, दुसरीकडं काळ्या दिनाची आपली माणसं, आणि मध्ये १९५६ पासून आपण. आपला खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लहान असणं म्हणजे आपल्याविषयी दुसऱ्या गावात ठरणं.

म्हणूनच बहुतेक मला २००७ चा करार महत्त्वाचा वाटतो. १९४९ च्या करारात लिहिलं होतं की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्यानं चालेल. २००७ ला ते कलम काढलं. त्याऐवजी मुख्यतः एवढंच ठेवलं, की एकानं आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही. मोठ्यानं आपणहून हक्क सोडल्याची उदाहरणं फार नसतात. हे एक आहे, आणि त्यानंतर दहा वर्षांनी डोकलामला ते कामी आलं असं मी मानते. सल्ला पाळणारा देश नुसता हुकमाची वाट बघत बसला असता.

पण बाबा, खरी अडचण पुढंच आहे आणि तिला तुमच्याकडं किंवा दादाकडं उत्तर असेल असं वाटत नाही. चीन आणि भूतान १९८४ पासून सीमेबद्दल बोलतायत. १९९६ ला चीननं सुचवलं होतं, उत्तरेकडचं ४९५ चौरस किलोमीटर तुम्ही ठेवा, डोकलामकडचं २६९ आम्हाला द्या. भूतानच्या जागी आपण असतो तर? जवळपास दुप्पट जमीन, कटकट कायमची संपली. त्यांनी ते घेतलेलं नाही, आणि त्यात आपला मोठा वाटा आहे. २०२१ ला त्यांनी पुन्हा तीन टप्प्यांचा आराखडा ठरवला आहे. डोकलामच्या पलीकडच्या अमो छू खोऱ्यात चीननं पांगडा नावाचं गावच वसवून ठेवलंय. उद्या भूताननं सौदा केला तर तो त्यांच्या हिताचा असेल आणि आपल्यासाठी घात. तेव्हा आपण काय करणार, मोटर जळाली म्हणणार?

माझं म्हणाल तर मी पैसे चालू ठेवीन, व्याज खाली आणीन आणि तोंड बंद ठेवीन. सप्टेंबरात आसामातलं कोक्राझार ते भूतानमधलं गेलेफू अशी ६९ किलोमीटरची रेल्वे जाहीर झाली, ते मला बरं वाटलं. रेल्वे झाली की त्यांचा माल आपल्याकडं येतो, आणि आपल्या दारातून जाणाऱ्या माणसाला आपलं दार मोडलेलं नको असतं. तरीही ते सौदा करणार नाहीत याची हमी यात कुठंच नाही. आम्ही कर्ज देताना दोन जामीनदार घेतो. इथं एकही नाही.

दादाला मी हे वेगळं लिहिणार नाही. पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवा. तो पंधरवड्यानं येतोय म्हणाला. रस्त्याचं त्याचं बरोबर आहे, त्या खड्ड्यांत माझीही कंबर गेलीय. तेवढं कबूल करा त्याच्याजवळ आणि मग त्याला हा ची थंडी सांगा. आम्हाला सांगायचात ती, तंबूत पाणी गोठायचं ती. दाढीच्या मगाची गोष्ट त्यानं ऐकलेलीच नाही, नावाला दादा असला तरी तो तेव्हा तान्हा होता.

आई, पिशवीत कुंद्याचे दोन डबे आहेत. एक आपला. दुसरा वरच्या मळ्यात पाठवायचा, आणि गड्याच्या हाती नको, बाबांनी स्वतः जायचं. काकांचे गुडघे धरलेत, ते खाली उतरू शकत नाहीत असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या. मशीनची बॅटरी नवी घालून जा, बाबा. नाहीतर ते बोलतील आणि तुम्हाला ऐकू यायचं नाही.

तुमची,
थोरली